बाबांचा रिपोर्ट नॉर्मल आला

बोईसरच्या एका खाजगी लॅबमध्ये मी सोळा वर्षं लोकांचं रक्त काढते आहे. अंगात येणं, गंडेदोरे, उतारे... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी त्याला आधी हिमोग्लोबिन तपासायला सांगते. या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि मनसोक्त हसते. आता माझ्यावर हसायची पाळी तुमची आहे, तर हसा. फक्त शेवटपर्यंत वाचा.

तारापूरच्या पुढे, समुद्राला लागून आमचं गाव. शेवटच्या गल्लीत शेवटचं घर, अंगणात बोंबील वाळत घालायचे बांबू. नवऱ्याला सोडून आल्यापासून मी आई-बाबांबरोबरच राहते. बाबा एकाहत्तर वर्षांचे. आयुष्य होडीवर गेलं, हात दगडासारखे, पण त्या हातांनी आम्हाला कधी टपली मारली नाही. दारू नाही, शिवी नाही. गावात लोक आईला चिडवायचे की तुझा नवरा म्हणजे गरीब गाय.

अडीच वर्षांपूर्वी ते विसरायला लागले. आधी नावं, मग रस्ते, मग आम्ही. आणि मग मारायला लागले.

पहिला मार आईला बसला तो सकाळी चहाच्या वेळी. त्यांनी कप हातात घेतला, तिच्याकडे बघितलं, "ही कोण बाय घरात शिरली?" म्हणाले, गरम चहा तिच्या तोंडावर फेकला आणि केसांना धरून तिचं डोकं ओट्यावर आपटलं. सात टाके पडले. त्यानंतर वल्ह्याच्या दांड्यानं तिच्या खांद्याचं हाड मोडलं. सोडवायला गेले तर माझी उजवी करंगळी दातात धरली, ती अजून सरळ होत नाही. रक्त काढणाऱ्या बाईचा उजवा हात... बघा म्हणजे झालं.

त्याच सुमारास मुंबईहून एक टीम आमच्या लॅबमार्फत किनाऱ्यावरच्या गावांमध्ये स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे अल्झायमरचा अभ्यास करायला आली. त्यांचे प्रमुख डॉक्टर, त्यांना मी सर म्हणते, समजावून सांगायला बरे होते. या आजारात मेंदूत दोन प्रथिनं साठत जातात, अमायलॉइड आणि टाऊ. स्कॅनमध्ये तो साठा आणि आकसलेला मेंदू दिसतो. आणि आता त्याची खूण रक्तातही सापडते, कधीकधी लक्षणं दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी. रुग्णाबरोबर त्याच घरातला एक धडधाकट माणूसही त्यांना तुलनेसाठी हवा होता. रुग्ण म्हणून मी बाबांचं नाव दिलं आणि धडधाकट म्हणून आईचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दोघांचं रक्त मी घरीच, एकाच सकाळी काढलं. लॅबची थंड पेटी दुसऱ्या गावाला गेली होती. मासेमारांच्या घरात बर्फाला तोटा नसतो, म्हणून नळ्या पिशवीत घालून मासळीच्या डब्यात ठेवल्या आणि बोईसर गाठलं. सरांनी डबा उघडला, नाक दाबलं आणि मला चारचौघांत झापलं. चूक माझी होती, ऐकून घेतलं.

रिपोर्ट आला. बाबांचं टाऊ नॉर्मल. आईचं भलतंच वाढलेलं.

सर म्हणाले, लेबलं उलटी लावलीस. माझाही तोच समज झाला, कारण रक्त काढताना बाबा लाथा मारत होते आणि माझं लक्ष नळीपेक्षा त्यांच्या पायांवर होतं. आठवड्याभरानं सरांच्या डोळ्यांसमोर पुन्हा रक्त काढलं. एका नळीवर लाल चिकटपट्टी, एकीवर निळी, दोन वेगळ्या पेट्या. उत्तर तेच आलं.

मग स्कॅन. बाबांना भूल द्यायच्या आधीच त्यांनी तिथल्या कर्मचाऱ्याच्या नाकावर डोकं हाणलं, फरशीवर रक्ताचं थारोळं झालं. तरी एमआरआय झाला, आणि पुढच्या महिन्यात दोघांना एकाच गाडीतून मुंबईला नेऊन अमायलॉइडचा स्कॅनही झाला. नळीचं लेबल बदलता येतं हो, कवटी कशी बदलणार? पडद्यावर बाबांचा मेंदू स्वच्छ, वयाच्या मानानं चांगला भरलेला. शेजारी आईचा. आकसलेला, साठ्यानं भरलेला, आठवणी जिथे बनतात तो भाग नावालाच उरलेला.

सरांनी आईला तिथेच बसवून चाचणी घेतली. शंभरातून सात-सात वजा कर, पाच शब्द लक्षात ठेव, वगैरे. आईनं सगळं बिनचूक सांगितलं आणि वर म्हणाली, "डॉक्टर, तुमच्या शर्टाचं बटण एक घर चुकलंय." सरांनी ते बटण नीट लावलं. मग म्हणाले की काही मेंदूंची सहनशक्ती जास्त असते, साठा असूनही माणूस ठीक राहतो. आणि बाबा? त्यांच्यासाठी आणखी दहा तपासण्या झाल्या, दुसरे आजार शोधले. सगळं नॉर्मल. ज्याचं काहीच बिघडलं नव्हतं तो माणूस घरी येऊन त्याच आठवड्यात जाळ्याची दोरी आईच्या गळ्याभोवती आवळत होता.

मी बोंबलाच्या बांबूनं त्यांच्या पाठीत मारलं तेव्हा दोरी सुटली. स्वतःच्या बापाला मारलं मी, तीन वेळा, आणि तिसऱ्यांदा रागानं मारलं. आईची जीभ बाहेर आली होती, डोळ्यांत रक्त उतरलं होतं. त्या दिवशी ठरवलं, यांना इथे ठेवायचं नाही. वैतरणेच्या पलीकडे, विरारच्या बाजूला अशा रुग्णांसाठी एक केंद्र आहे, तिथे जागा मिळवली. आई आडवी आली. "त्यांना माझ्यापासून लांब नको नेऊ," एवढंच म्हणत होती. का, ते तिला सांगता येईना.

बुधवार, दुपारचे बारा-सव्वाबारा. भाड्याची गाडी, पुढे ड्रायव्हर आणि मी, मागे बाबा आणि केंद्रातून आलेला एक दांडगा माणूस. मनोरपर्यंत बाबा सीटचा पट्टा चावत होते, शिव्यांचा पट्टा वेगळाच. हायवेवरचा वैतरणेचा पूल लागला आणि ते गप्प झाले. पुलाच्या मध्यावर त्यांचा आवाज आला. दोन वर्षांपूर्वीचा, साधा आवाज.

"नयने, तुझ्या बोटाला काय झालं?"

पूल ओलांडून गाडी थांबवली. बाबांना सगळं समजत होतं. वार विचारला, गाडी कुठे चालली विचारलं. बोट कुणी मोडलं हे त्यांनी परत परत विचारलं, तेव्हा मी सांगितलं. ते तोंडावर हात घेऊन रडायला लागले. तेवढ्यात माझा फोन वाजला. शेजारची काकी. आई रस्त्यात बसली आहे, कुणालाच ओळखत नाही, हातात मासळी कापायची विळी आहे, जवळ जाईल त्याच्यावर उगारते आहे... पाच मिनिटांपूर्वी काकीशी नीट गप्पा मारत बसली होती म्हणे!

या आजारात माणूस मध्येच थोडा वेळ शुद्धीवर येतो, मी पाहिलं आहे. बाबांचंही तेच असणार असं धरून त्यांना केंद्रात सोडलं आणि घराकडे पळाले.

आईनं मला ओळखलं नाही. विळी हिसकावताना माझा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाटला. पुढचे अकरा दिवस मी आगीतून फुफाट्यात पडले होते. तिनं कच्ची सुरमई काट्यांसकट खाल्ली आणि रक्त ओकली. काकीच्या गालाचा लचका तोडला. गॅस सोडून काडी शोधत बसली. मला "चोर" म्हणत होती, आणि माझं नाव विचारलं की थुंकत होती. शेवटी मी तिला तिच्याच लुगड्यांनी खाटेला बांधलं. हे लिहितानाही लाज वाटते आहे.

आणि बाबा? केंद्रातून रोज फोन. जेवले, झोपले, इतरांना पत्ते शिकवतात. तिथले डॉक्टर मला विचारू लागले की यांना आणलंच का. मी दोघांचं रक्त पुन्हा काढलं. काडीचाही फरक नव्हता. आईचं वाढलेलं, बाबांचं नॉर्मल, अगदी पहिल्यासारखं. रक्त पहिल्यापासून खरंच बोलत होतं, आजार आईचाच होता. फक्त बाबा जवळ असले की तो तिच्याऐवजी बाबांमध्ये दिसायचा. कसा ते मला विचारू नका. मुंबईला दोघं एकाच गाडीत होती तेव्हा पूल ओलांडून काहीच झालं नव्हतं, हेही मला तेव्हाच आठवलं.

मी केंद्रात जाऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, आईनं आधी विसरायला सुरुवात केली होती, ते कुणाला बोलले नव्हते. भाजीत दोनदा मीठ, बाजारातून परतताना चुकलेली गल्ली. त्या नारळी पौर्णिमेला नारळ सोडताना त्यांनी दर्याकडे मागितलं, होडीवर एखादा आजारी पडला की त्याचं काम दुसरा उचलतो, तसं तिचं दुखणं मला उचलू दे. आता नारळ सोडताना अख्खा गाव काही ना काही मागतो आणि कुणाला धड पापलेटही मिळत नाही. तेच मी त्यांना सांगितलं.

"मला घरी ने," ते म्हणाले.

मी नाही म्हटलं. तू तिला मारून टाकशील बाबा, म्हटलं. दोरी, वल्हं, चहा, सगळं सांगितलं, काहीही वगळलं नाही. त्यांनी पूर्ण ऐकलं.

"मग बांधून ठेव मला. पण तिला बांधू नको. आमी दोघं जिवंत हाय तवर तिनं तुला चोर नाय म्हणायचं."

परतीच्या वाटेवर ते सबंध वेळ बोलत होते. माझ्या जन्माचं, पहिल्या होडीचं, आई लग्नात किती रडली त्याचं. पुलाआधी गाडी थांबवायला लावली आणि दोन्ही हात पुढे केले. दोरी कशी फिरवायची, कुठे आवळायची, तेच सांगत होते. मी सैल बांधली तर ओरडले, मला परत बांधायला लावली. पूल ओलांडला, मनोर आलं, बोईसर गेलं, तरी ते शुद्धीवर होते. मला वाटलं, सुटलो.

गाडी अंगणात थांबली. मी फोनवर सांगितलं होतं, म्हणून काकीनं आईला खाटेवरून सोडून, हात घट्ट धरून पायरीवर आणून बसवलं होतं. बाबांनी तिच्याकडे बघितलं, हसले, आणि ते हसू तोंडावर असतानाच डोळे परके झाले. मी त्यांना उतरवत होते. त्यांनी कपाळ माझ्या तोंडावर हाणलं, नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला, मी खाली पडले आणि ते बांधलेल्या हातांनी माझ्या डोक्यावर घाव घालत राहिले. मला रक्तातून काही दिसत नव्हतं. मग कुणीतरी त्यांना मागे ओढलं.

"सोड तिला! आपली नयना हाय ती."

आई होती. अकरा दिवसांनी माझं नाव तिच्या तोंडून ऐकलं, आणि मोडलेलं नाक धरून मी अंगणात हमसून हमसून रडले.

सरांनी दोघांनाही अभ्यासातून वगळलं, आकडे बसत नाहीत म्हणाले. त्यांना मी दोष देत नाही. तेव्हापासून सात महिने झाले. आई स्वयंपाक करते, बाजारात जाते, मला हाका मारते. बाबांचे हात मी रोज सकाळी बांधते आणि संध्याकाळी त्यांच्या मनगटांना तेल लावते. तेव्हा ते रडतात, विचारतात, मी तुझं काय वाईट केलं, बाय? मी सांगते की बाबा, तूच बांधायला सांगितलं होतंस. त्यांना काहीच आठवत नाही.