मिरचीचा ठसका नव्हता तो

माझ्या शुद्धलेखनाला हसू नये. शाळा चौथीपर्यंतच झाली, आणि अक्षर पहिल्यापासून कोंबडीने पाय ओढल्यासारखं. हे मी कोणाला दाखवणार नाही, तरी कोणाच्या हाती पडलंच तर आधीच माफी मागून ठेवते.

मी आणि माझी थोरली जाऊ मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जातो. मोकळ्या मैदानात लाल मिरची वाळत पसरलेली असते. तिथे खोकला, नाक गळणं, श्वास अडकणं कोणाला नवं नाही. म्हणून एका हंगामात माझी छाती धडधडायला लागली, हातपाय गार पडले, आता मरते असं वाटलं, तेव्हा सगळ्या बायांनी एकच सांगितलं, "ठसका शे वं. गूळ खा."

गूळ खाल्ला. तरी ते पुन्हा पुन्हा यायचं. आलं की उठून घरी पळायची, घरी बरं वाटायचं. मग जाणंच सोडलं. पण आम्ही दोघींनी मुकादमाकडून उचल घेतली होती आणि ती कामातूनच फिटायची होती. माझ्या वाट्याचं काम जाऊवर पडलं. तिच्या बोटांची आग होई.

"तुम्ही घर बठा, राणीसाहेब," ती म्हणे, "तुमना देठ मी खुडस."

एकदा नवापूरच्या बसमध्ये तसंच झालं. खिडकी उघडी, हवा गार. मी बस थांबवून उतरले आणि रस्त्याच्या कडेला बसले. बसल्या बसल्या भीतीपेक्षा नवलच जास्त वाटलं. इथे मिरची कुठे होती?

जाऊने मला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीच्या ठोक्यांची कागदी पट्टी काढली, रक्त तपासलं, दमा आहे का बघितलं. सगळं ठीक निघालं. मग त्यांनी समुपदेशन करणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. त्यांनी विचारलं, हे येण्याआधी मनात काय येतं? आल्यावर काय करता? कुठे कुठे जाणं सोडलं? सांगता सांगता मलाच कळलं. पथारी, बस, आठवडी बाजार, लग्नाचा मांडव, सगळं सुटलं होतं.

"हा भीतीचा आजार आहे, ताई. बरा होतो. बाजारात भीती दहापैकी किती वाटते?"

मला आकड्यात सांगता येईना. हळूच म्हटलं, "बाजारात फापडा मिरचीएवढी. ती नुसती लाल असते, तिखट नसते. बसमध्ये त्याहून जास्त. पथारीवर लवंगी."

मॅडम हसल्या आणि तसंच लिहून घेतलं. जाऊ म्हणाली, "तिखटनी मोठी जाणकार शे ही, मॅडम. भाजीमा मीठ मातर इसरस."

डॉक्टरांनी गोळी सुरू केली. मॅडमनी सांगितलं, फापड्यापासून सुरुवात करा. भीती आली की पळू नका, ती उतरेपर्यंत तिथेच थांबा.

"आणि मेले तर?"

"आतापर्यंत किती वेळा मेलात?"

"दर वेळी पळाले, म्हणून वाचले."

"तेच तर तपासायचं आहे," त्या म्हणाल्या.

हे मला पटलं. तपासून बघायला मला आवडतं. आधी बाजार केला, मग बस. पुढच्या हंगामात मागली उचल थोडी बाकी होतीच, तरी दोघींनी नवी घेतली, आणि मी पथारीच्या फाटकाशी उभी राहिले.

"भीती चढनी का?" जाऊने विचारलं.

"चढनी."

"उतरनी का?"

"आजून नही."

"मंग ऱ्हाय उभी. मी च्या पी येस."

मी माझ्याच आत लक्ष ठेवून होते. भीती आधी मानेत आली, मग हातात, मग छातीत. तिथे ती खूप वेळ धडधडली. मी हलले नाही. मग तिखट खाल्लेलं तोंड जसं पाण्यावाचूनही निवतं, तशी ती आपोआप उतरली. पाठीवर घाम तेवढा राहिला. ती कशी येते आणि जाते, हे मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिलं.

पुढे दोनदा पळूनही आले. मॅडम म्हणाल्या, चालतं, उद्या पुन्हा जा. गेले. एके दिवशी नाकाला फडकं बांधून बायांच्या रांगेत बसले आणि संध्याकाळपर्यंत बसूनच राहिले. मग रोजच बसू लागले.

हंगाम संपताना मुकादमाने आम्हा दोघींना बोलावलं. "तुमनी उचल फिटी गयी," तो म्हणाला. "मागली बी, औंदानी बी. आते काहीच बाकी नही."