वेशीवर अडलेलं वऱ्हाड

ठरावावर सही आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. गावचे सरपंच तेच. दुष्काळातून गावानं नुकतं कुठं डोकं वर काढलेलं, आणि कुणाच्या तरी वरातीतला एक बाण जाऊन पडला कडब्याच्या गंजीवर. बघता बघता अर्ध्या गावाची वैरण जळाली. मग ग्रामपंचायतीनं ठराव केला, गावाच्या हद्दीत फटाका, बाण, शोभेची दारू, काहीच उडवायचं नाही. दवंडी दिली. लोक म्हणाले, चालेल चार दिवस. पण आबा म्हणजे आबा! दिवाळीत सख्ख्या भावाच्या पोरांचे फटाके त्यांनी स्वतःच्या हातानं विहिरीत टाकले. काकांनी अबोला धरला, तरी हलले नाहीत.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न निघालं. स्थळ विट्याकडचं. नवरा तिकडं लांब मद्रासेला, सोनं गाळायच्या दुकानात. मला मास्तरीण व्हायचं होतं, साताऱ्याला ट्रेनिंगला नंबरही लागला होता. पण मला विचारतंय कोण? सुपारी फुटल्यावर कळलं. जेवण सोडलं, तर आई म्हणाली, नाटकं पुरे. आबांसमोर तोंड उघडायची तर सोयच नव्हती. हळद लागली, चुडा भरला, आणि मला माजघरात पाटावर आणून बसवलं. दारात बायकांचा हा गराडा. पळावं म्हटलं तर वाट नाही.

तेवढ्यात निरोप आला की वऱ्हाड वेशीवरच्या मारुतीपाशी अडून बसलंय. नवऱ्याच्या मामानं खास सांगलीहून शोभेची दारू आणलेली, आणि ती उडवल्याशिवाय नवरदेव गावात पाऊल टाकणार नाही म्हणे. आमच्या माणसांनी ठराव सांगितला. मामा म्हणाला, मग वऱ्हाड माघारी नेतो. आई कपाळाला हात लावून बसली. आत्या आबांच्या ठरावाला शिव्या घालायला लागली.

मला मात्र आनंद झाला, उघडच सांगते. आबा वाकणार नाहीत याची मला खात्री होती. मनात म्हटलं, मामा, असाच अडून राहा रे बाबा, तुझ्या पाया पडते.

मग आबाच आत आले. बायका बाजूला झाल्या. तोंड उतरलेलं, माझ्या चुड्याकडं बघत राहिले. हे आता ढिले पडतायत, अशी मला धास्ती वाटली. जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्याशी मान वर करून बोलले.

"आबा, माझ्यापायी ठराव मोडू नका. जाऊ दे वऱ्हाड माघारी."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, पोर बापाच्या शब्दासाठी स्वतःचं लग्न मोडायला निघालीय. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझ्यापरीस ठराव मोठा न्हाई, बाय," म्हणाले, आणि बाहेर गेले.

मी हाक मारायला तोंड उघडलं, तर आईनं मुंडावळ्या सारख्या करायला माझी हनुवटी धरली. थोड्या वेळानं वेशीकडं पहिला बार उडाला. सगळ्या घराचा जीव भांड्यात पडला. एक माझा सोडून.

लग्न उरकलं आणि आबांनी सरपंचकी सोडली. आपणच आपला ठराव मोडला, आता कुठल्या तोंडानं खुर्चीत बसू, म्हणाले. पुढं मी मद्रासेहून माहेरी आले की ते येणाऱ्या-जाणाऱ्याला मुद्दाम बसवून घेऊन सांगायचे, माझ्या शब्दासाठी ही लग्न मोडायला निघाली होती, म्हणून मी हिच्यासाठी ठराव मोडला. मी मान हलवायची आणि चहा ठेवायला आत जायची.