रिकाम्या पोत्यांचा वास

माझा स्वभाव संशयी, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. मुळशीत सून म्हणून आले, तेव्हा आमचा आंबेमोहोर तांदूळ पुण्याच्या एका दुकानात जायचा. शिजताना आंब्याच्या मोहोराचा वास सुटतो, म्हणून ते नाव. सासूबाईंचा सगळा रुबाब त्या नावावर.

साठ सालानंतरची गोष्ट. दुकानदार अचानक गोड बोलू लागला. "मावशी, रिकामी पोती इथंच राहू द्या. बदली कोरी देतो." सासूबाई खूश. मला मात्र पाणी कुठंतरी मुरतंय असं वाटलं. जुन्याच्या बदल्यात नवं कोण देतं?

"तुला समद्यात काळंबेरंच दिसतं," सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या खेपेला मी मुद्दाम सोबत गेले. दुकानात आमचंच पोतं, मीच घातलेल्या टाक्यांचं, उघडं ठेवलेलं. वर पाटी, 'मुळशीचा आंबेमोहोर'. वाकून वास घेतला, तर वास आमचाच. दाणा मात्र जाडाभरडा. तेव्हा नवीनच आलेल्या परदेशी बियाण्याचा. वास होता तो नुसत्या पोत्याच्या तागाला.

सासूबाईंनी त्यातला मूठभर पदरात बांधला. "लोकं घरी शिजवतील, वास येणार न्हाई, आन् शिव्या आमच्या भाताला देतील," त्या म्हणाल्या.

दुकानदार ढिम्म. "मुळशीचाच आहे की. तुमचे थोरले चिरंजीव देऊन गेले. पोत्यांची युक्तीही त्यांचीच."

थोरले चिरंजीव म्हणजे माझा नवरा. खालच्या खाचरात ह्यांनी ते बियाणं लावलं होतं, गड्यांच्या जेवणापुरतं म्हणून. मी दुकानदारावर संशय घेतला, हमालावर घेतला, एसटीच्या कंडक्टरवरसुद्धा घेतला. घरातला माणूस तेवढा राहिला. मला माझाच भयंकर राग आला.

घरी आल्यावर सासूबाईंनी तो मूठभर तांदूळ वेगळा शिजवला आणि ह्यांच्या पुढ्यात ठेवला. "खा. आन् ह्येचं नाव सांग."

ह्यांनी सगळा भात संपवला. मग हात धुवायला उठले.

आमच्यात नव्या भाताचा नैवेद्य घरातल्या थोरल्या मुलानं दाखवायचा असतो. त्या वर्षी हे सोवळं नेसून तयार उभे होते. सासूबाईंनी त्यांच्यासमोरून ताट नेलं आणि माझ्या हातात दिलं.