तहरीमच्या निकाहाच्या वेळी रबिया साइडला होती

सकाळचे सव्वासहा. कुवेत शहरातल्या दस्मान भागात, एका कुवेती घरात रबिया बीबीच्या बोटाला सुई टोचते आणि रक्ताचा थेंब पट्टीवर घेते. आकडा बघून इन्सुलिन देते. बीबी म्हणजे या घरातली आजी. तिला सांभाळायला रबिया हर्णैहून आली, त्याला अकरा वर्षं झाली.

दर उन्हाळ्यात घरचे बीबीला तुर्कस्तानातल्या समुद्रकाठच्या एका प्राचीन गावात नेतात. तिकडचे लोक गावाला सीदे म्हणतात. तिकिटावरची Side ही इंग्रजी अक्षरं वाचून हर्णैत त्याचं साइड झालं.

यंदा ऑगस्टमध्ये रबियाच्या मुलीचा, तहरीमचा, निकाह ठरला. रबियाची सुट्टीही मंजूर झाली होती. मग बीबी पडली, दुसऱ्या कुणाच्या हातून जेवेना. रबियाचं तिकीट साइडचं निघालं.

निकाहाच्या वेळी ती तिथल्या जुन्या देवळापाशी होती. पाच संगमरवरी खांब, पलीकडे समुद्र. हर्णैलाही समुद्रात किल्ला आहे. तिथं ती कधी गेलेली नाही. हर्णैच्या मांडवात तिचा भाऊ आदिल तिला व्हिडिओ कॉल लावून फोन धरून उभा होता. इतक्यात फोटो काढणाऱ्या प्रवाशांनी तिला हातानं बाजूला व्हायला सांगितलं. तसल्या दगडांवरून बीबीची चाकांची खुर्ची हलवायला दोन्ही हात लागतात. तिनं फोन खिशात टाकला. बाहेर काढला तेव्हा मांडवात खजूर वाटत होते.

"कबूल म्हणाली?" तिनं विचारलं.

"कधीच," आदिल म्हणाला.

त्या दिवशी बीबी नीट जेवली, एवढं रबियाला आठवतं. खांबांचा एक फोटो आहे. त्यात खुर्ची आहे, रबिया नाही.

आज बीबीला अंडं भरवताना तहरीमचा फोन आला.

"अम्मी, मामू सगळ्यांना सांगतायत, पोरीच्या लग्नातही आई साइडलाच!"

मागून कुणीतरी हसलं.

"सांगू दे," रबिया म्हणाली. "बॅग भरलीस?"

"भरली. उद्या पाठवणी, सकाळी पावणेनऊला सासरी निघायचंय. तुमच्याकडे तेव्हा सव्वासहा. व्हिडिओ कॉल करते. या वेळी तरी फोन खिशात टाकू नकोस."

"बघते."

"बघते नाही. एक हात तरी मोकळा ठेव."

बीबीनं तोंड उघडलं. रबियानं फोन उशीवर ठेवला आणि पुढचा घास दिला. पलीकडून "अम्मी? अम्मी?" ऐकू आलं, मग फोन बंद झाला.

बीबीची साखर उद्याही सव्वासहालाच तपासायची आहे. त्या कामाला दोन हात लागतात.