यादीतली रिकामी चौकट

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याला माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं, तेव्हा काउंटरवर एक पाटी असायची : ‘खरेदी करणार असाल तरच सल्ला मिळेल.’ पाटी मीच रंगवून घेतली होती आणि मला तिचा अभिमान होता. घरोघरची मुलं आयटीत लागत होती. जो तो इंटरनेटवर वाचून माझ्यापेक्षा शहाणा होऊन यायचा, तासभर डोकं खायचा आणि माल दुसरीकडून घ्यायचा. माझं टाळकं सटकायचं. पण सांगायचं आहे ते कचरूभाऊ भालेरावांबद्दल. माझा राग त्यातून वगळता आला असता तर वगळला असता.

कचरूभाऊ एकतीस वर्षं कारखान्यात फिटर होते. हडकुळे, उंच, कमी बोलणारे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी स्टीलची सहा इंची पट्टी कायम. घरी बायको शालनताई आणि एकुलती एक मुलगी आम्रपाली. मुलगी कर्वेनगरच्या कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला, दुसऱ्या वर्षाला. दोन बस बदलून जायची.

बापाच्या आधी माझ्या दुकानात मुलगी आली होती. तारीख चौदा सप्टेंबर, साल २०११. तारीख पाठ का आहे, ते पुढे कळेलच.

तिला गेम खेळण्यासाठी कमी खर्चात कॉम्प्युटर जोडायचा होता. सुट्या भागांची यादी तिने चक्क ड्रॉइंगच्या कागदावर केली होती. ओळी आखलेल्या, आकडे सुबक, आणि उजव्या कोपऱ्यात खाली कारखान्यातल्या ड्रॉइंगवर असते तशी चौकट. ‘आखणार : आम्रपाली’. त्याखाली ‘तपासणार’, आणि पुढे जागा कोरी.

खरं सांगतो, यादी झकास होती. ग्राफिक्स कार्डावर सढळ हात, बाकी ठिकाणी काटकसर. कॅबिनेट साधं, पण पॉवर सप्लाय दणकट. भल्याभल्यांना पॉवर सप्लायची अक्कल नसते. चूक एकच होती. मदरबोर्ड ११५६ सॉकेटचा आणि प्रोसेसर ११५५चा. दोन्ही सॉकेट दिसायला जुळी भावंडं, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. तो बोर्ड तिने माझ्याच दरपत्रकातून उचलला होता. जुना माल होता, माझ्याकडे पडून राहिलेला.

तिने कागद माझ्यापुढे सरकवला आणि पेन दिलं.

“काका, एकदा चेक करून इथं सही कराल?”

मी हसलो. चांगला मोठ्याने हसलो. “हे दुकान आहे, तलाठी कार्यालय नाही. आणि मुली कधीपासून असले मारामारीचे गेम खेळायला लागल्या?”

“काही चुकलंय का, काका?”

“पाटी वाचलीस का?”

तिने पाटी वाचली. कागदाची घडी घातली, “थँक्यू काका” म्हणाली आणि गेली. चार दुकानं फिरेल, तोंडघशी पडेल, मग येईल आणि तेव्हा सांगू, असं मी मनात म्हणालो. ती आली नाही.

जानेवारीत कचरूभाऊ आले. “जय भीम, साहेब,” म्हणाले. मी नमस्कार म्हणालो. त्यांनी काउंटरवर तो कागद उघडला आणि मी तो लगेच ओळखला.

“मुलीची यादी आहे,” ते म्हणाले. “मुलगी डेंगूत गेली. सप्टेंबरातच. पहिला आयटम द्या.”

पहिला आयटम मदरबोर्ड.

“भाऊ, हा आता जुना झालाय,” मी म्हणालो. “दुसरा घ्या, चांगला देतो.”

“यादीत हाच आहे ना?”

“हो, पण...”

“मग हाच द्या. ड्रॉइंगला आपण हात लावायचा नसतो. बदल करायचा तर ज्यानं ड्रॉइंग काढलं त्याची सही लागते. ती आता कुठनं आणायची?”

त्या माणसाला तुमच्या मुलीचं चुकलंय म्हणायला माझी जीभ उचलली नाही. तेव्हा मी ह्याला माणुसकी समजलो. पण चूक सांगितली असती तर मला ती आधीच दिसली होती, हेही सांगावं लागलं असतं. मी बोर्ड बांधून दिला.

मग दर दोन महिन्यांनी पगार झाला की ते एक खोकं न्यायला येऊ लागले. खोक्यावरचा नंबर यादीशी ताडून बघायचे, ओळीखाली पट्टी धरून. नेहमी काउंटरच्या डाव्या कडेला अंग चोरून उभे राहायचे. उजवीकडे एक माणूस मावेल एवढी जागा सोडायचे. तिथे कोणी गिऱ्हाईक घुसलं तर हळूच म्हणायचे, “जरा इकडनं या.” मला आधी ती खोड वाटली. तिसऱ्या खेपेपासून मीच ती जागा मोकळी ठेवायला लागलो. पुढे पुढे ते नसतानाही तिथे कोणी उभं राहिलं की मला अस्वस्थ व्हायला लागलं. मुलगी तिथेच उभी राहिली होती, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

आणि दर वेळी निघताना त्यांचा एकच प्रश्न. “यादी बरोबर आहे ना, साहेब?”

दर वेळी मी हो म्हणायचो. प्रोसेसर विकला त्या दिवशीही म्हणालो.

दुकानात हसणं मी सोडून दिलं. ठरवून नव्हे. हसू आलं की तो सप्टेंबरातला माझाच आवाज कानात यायचा आणि मी तोंड मिटून घ्यायचो. बायको म्हणाली, डॉक्टरला दाखवा. डॉक्टरला काय दाखवणार?

यादीतला शेवटचा आयटम कॅबिनेट. त्याचं खोकं मोठं होतं, म्हणून ते मी स्कूटरवर घालून त्यांच्या घरी पोचवलं. कचरूभाऊ कामावर होते. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली आम्रपालीचा फोटो, कॉलेजच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. फोटोखाली माझ्या दुकानातली सगळी खोकी यादीच्या क्रमाने रचलेली. एकाचंही सील तोडलेलं नव्हतं. शालनताईंनी चहा पुढे केला आणि माझ्याकडे नीट बघून विचारलं,

“ते हसलेले काका तुम्हीच का?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी कप हातात घेतला.

“दवाखान्यात यादी उशाशी घेऊनच होती,” त्या म्हणाल्या. “एकेका ओळीवरनं बोट फिरवायची. आई, काका का हसले असतील? काय चुकलंय माझं? ताप चढला तरी तेच. मी म्हणायची, बरी हो, मग जाऊन विचारू. आता हे म्हणतात, सगळं आणतो आणि जोडतो. जोडल्याशिवाय कुठं अडतंय ते कळायचं नाही.”

मी चहा तसाच कढत घशात ओतला आणि निघालो. म्हणजे हसलेला काका मीच, हे कचरूभाऊंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दर दोन महिन्यांनी ते मला बोलायची संधी देत होते आणि मी खोकी विकत होतो.

त्यानंतर दोन आठवडे मी रोज ठरवायचो, आज जाऊन सांगू. रोज काहीतरी काम निघायचं. शेवटी एका रविवारी सकाळी दुकानापुढे रिक्षा थांबली. सगळी खोकी घेऊन ते आले होते.

“यादी पुरी झाली,” ते म्हणाले. “तुमच्यासमोर जोडू म्हटलं.”

त्यांनी बोर्डाचं सील पट्टीच्या कडेने कापलं. बोर्ड काउंटरवर ठेवला. मग प्रोसेसर काढला, कडेला दोन बोटांत धरून. लोखंडात आयुष्य गेलेला माणूस, पण किती हलक्या हाताने धरला होता. तो त्यांनी सॉकेटवर आणला.

“थांबा, भाऊ,” मी म्हणालो. “बसणार नाही तो.”

ते थांबले.

“बोर्ड वेगळ्या सॉकेटचा आहे. यादीत तेवढीच चूक आहे. मला ती त्याच दिवशी दिसली होती. म्हणून हसलो. आणि सांगितलं नाही.”

त्यांनी पट्टी काढून प्रोसेसरच्या कडेची खाच मोजली. मग सॉकेटची मोजली.

“अडीच मिलिमीटरचा फरक,” ते म्हणाले. “एवढंच?”

“एवढंच.”

ते स्टुलावर बसले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. प्रोसेसर परत खोक्यात ठेवून त्यांनी विचारलं, “बाकीची यादी?”

“बाकीची उत्तम आहे. मीही इतकी चांगली केली नसती.”

“हे तरी सांगायचं होतंत,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, मी त्याला हातानेच जायला सांगितलं.

बरोबर सॉकेटचा बोर्ड मी तसाच देतो, आत्ता जोडून देतो, असं मी म्हणत राहिलो. ते ऐकत नव्हते. त्यांनी कागद उघडला. घड्यांवर तो झिजून पारदर्शक झाला होता. खिशातलं पेन त्यांनी माझ्या हातात दिलं.

“बोर्डाचं नंतर बघू. आधी दुरुस्ती लिहा. मग चौकटीत सही करा.”

बोर्डाचा नंबर मी एका रेघेने खोडला, वर बरोबर नंबर लिहिला. ‘तपासणार’च्या पुढे सही केली. सहीखाली तारीख घालायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

“आजची नको. ती आली होती त्या दिवशीची घाला.”

मी लिहिलं : १४ सप्टेंबर २०११.

शाई वाळेपर्यंत ते थांबले. मग कागद खिशात ठेवला आणि उजवीकडच्या त्या मोकळ्या जागेकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, “चल, आमू. केली काकांनी सही.”

दाराशी ते जरा बाजूला झाले. तिला आधी जाऊ दिलं, आणि मग स्वतः बाहेर पडले.