विनायकचे शुक्रवार

पुढचं उजवं चाक एकटंच घाटातून घरंगळत खाली आलं. मागून गाडी आली नाही. वरच्या वळणावर धूळ उठली होती, माणसं ओरडत धावत होती, आणि ते चाक आमच्या पुढ्यात येऊन कललं, दोन गिरक्या घेतल्या आणि आडवं पडलं. शर्यतीतली ती गाडी विनायकची होती. आमचे मिस्त्री, म्हणजे माझा नवरा युसुफ, खाली वाकले. त्यांनी चाक उभं केलं, बोल्टच्या भोकांच्या कडांवरून अंगठा फिरवला, एकेका भोकावरून, सावकाश. मग चाक परत होतं तसं ठेवलं आणि वर चढायला लागले. विनायकचा पाय मांडीत मोडला होता. शेजारी बसून त्याला रस्ता वाचून दाखवणाऱ्या माणसाचं खांद्याचं हाड गेलं होतं. दोघं शुद्धीवर होते.

त्या दिवसानंतर अठरा वर्षं विनायक जगला, आणि चाक का निखळलं ते उस्तादाला, म्हणजे आमच्या मिस्त्रींना, कळू नये, एवढी एकच गोष्ट त्याने जपली. पाच आठवड्यांपूर्वी तो गेला. वाघोलीतून त्याच्या घरमालकिणीचा फोन आला. कॉलेजची बस चालवायचा, ती लावून खोलीवर आला, खुर्चीत बसला आणि उठलाच नाही. मी रिक्षा करून गेले. अकोल्याहून आलेल्या त्याच्या पुतण्याने विचारलं, "आजी, आपण कोण?" मी म्हटलं, त्याच्या उस्तादाची बायको. त्याला काही कळलं नाही. त्याने मला पाणी दिलं आणि तो कामाला लागला. कधीकाळी पेपरात ज्याचे फोटो यायचे त्या माणसाच्या दारात आम्ही नऊ जण होतो. त्यातले चार कॉलेजच्या बसवरचे ड्रायव्हर.

बावीस-तेवीस वर्षांचा असताना तो कारखान्यात नोकरीला म्हणून पुण्यात आला आणि सुट्टीच्या दिवशी बिबवेवाडीत आमच्या गॅरेजसमोर येऊन उभा राहायला लागला. मिस्त्रींनी एक जुनी गाडी शर्यतीसाठी तयार केली होती, ती बघायला. तिसऱ्या रविवारी मिस्त्रींनी त्याच्या हातात झाडू दिला, वर्षभराने त्या गाडीची किल्ली दिली. बोलणं त्याचं वऱ्हाडी, 'मले-तुले' करायचा, आणि गिऱ्हाइकं हसली की आणखी मोठ्याने करायचा. मला चाची म्हणायचा. मी सांगायची, चाची म्हणतोस तर भांडी घास, आणि तो घासायचा. गॅरेजचा एक नियम होता. गाडीत जो बसणार, त्यानेच चाकाचे नट आवळायचे. तेही नुसते हाताने आवळायचे नाहीत. पाना लावायचा, त्याच्या दांड्यावर पाय देऊन सगळं वजन टाकायचं, पाना करकरला की उतरायचं. मिस्त्री म्हणायचे, आपला जीव दुसऱ्याच्या मनगटावर ठेवू नये. अकरा वर्षं विनायक असा पान्यावर उभा राहिला आणि आमच्या त्या डबड्याने पैसेवाल्यांच्या गाड्यांना कितीदा तरी मागे टाकलं.

मग एका मोठ्या टीमने त्याला बोलावलं. परदेशातून आणलेली गाडी, महिन्याचा पगार, अंगावर नाव शिवलेला पोशाख. तो आठ दिवस आमच्याकडे जेवला आणि बोलला नाही. शेवटी मीच मिस्त्रींना सांगितलं, त्याला जायचंय. मिस्त्री म्हणाले, "मग जा म्हणावं. मी काय दोरी बांधलीय?" निघताना विनायक पाया पडला तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, नट मात्र स्वतः आवळत जा. आशीर्वाद म्हणा, टोमणा म्हणा, त्यांच्याकडे दोन्हींचा सूर एकच होता.

पहिल्या वर्षी तो दोनदा पहिला आला. मिस्त्री पेपर उघडायचे, फोटो बघायचे आणि त्यावर वंगणाचे डबे ठेवायचे. दुसऱ्या वर्षी घसरण सुरू झाली. चौथा, सहावा, एकदा तर मधूनच बाहेर. एकदा मला भेटायला आला तेव्हा म्हणाला, तिथे गाडीला हात लावू देत नाहीत. हातमोजेवाले मेकॅनिक सगळं करतात, याच्यासाठी तंबूखाली खुर्ची. आपल्याच गाडीत पाहुण्यासारखं जाऊन बसायचं... त्यात मॅनेजर दुसऱ्या ड्रायव्हरच्या शोधात आहे असं कानावर आलेलं. मी म्हटलं, खुर्ची मिळालीय तर बस की. मला तेव्हा यापेक्षा चांगलं काही सुचलं नाही.

घाटातली शर्यत ही त्याची शेवटची संधी होती. मिस्त्री 'त्याच्यासाठी नाही, रस्ता बघायला' म्हणून मला घेऊन गेले.

अपघातानंतर टीमने एका मेकॅनिकला घरी बसवलं, नट नीट आवळले नाहीत म्हणून. विनायकचा पाय अजून प्लास्टरमध्ये होता. तो कुबड्या घेऊन मॅनेजरकडे गेला आणि म्हणाला, त्या माणसाची चूक नाही, सुटण्याआधी मीच उतरून नट पुन्हा आवळले. मेकॅनिक कामावर परत आला. विनायकला त्या टीमने सोडलं आणि पुढे कुणीच गाडी दिली नाही.

मग एका शुक्रवारी दुपारी, मिस्त्री नमाजाला गेले असताना, तो आमच्या दारात आला. मी मेथी निवडत होते. उंबऱ्याशीच बसला आणि सांगितलं. नव्या गाडीची चाकं हलक्या धातूची, बोल्ट बारीक. ते किती आवळायचे याचं माप असतं. त्याने गॅरेजच्या सवयीने पान्यावर पाय दिला, सगळं वजन टाकलं. बोल्ट आतून ताणले गेले आणि वळणावर तुटले. मॅनेजरने विचारलं होतं, हे असं कुठे शिकलास? हा म्हणाला, माझंच डोकं.

"चाची, उस्तादाले मालूम नाही होऊ द्यायचं," तो म्हणाला. "ते पाना हाती धरणार नाहीत मग."

मी बरं म्हटलं. तेव्हापासून तो शुक्रवारीच यायचा, दीडच्या सुमाराला. चहा घ्यायचा, बसवरच्या मुलांच्या तक्रारी सांगायचा. मुलं म्हणायची, काका, बैलगाडी यापेक्षा जोरात जाते. मिस्त्री यायच्या आत लंगडत निघून जायचा. आणि मिस्त्री, जे नमाज झाली की पंधरा मिनिटांत ताटावर असायचे, ते शुक्रवारी तासभर उशिरा यायला लागले. कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे नुसते बसून राहायचे. मला टायरवाल्याच्या बायकोने सांगितलं. त्याच सुमाराला त्यांनी माप दाखवणारा महागडा पाना आणला. गॅरेजमधल्या एकाने जुन्या पान्यावर पाय दिला, तर त्याला असे ओरडले की तो दोन दिवस आला नाही.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. जास्त आवळल्याने दबलेल्या त्या भोकांच्या कडा अंगठ्याला लागल्या तेव्हाच ठाऊक झालं होतं. ते मला बोलले नाहीत, मी त्यांना विचारलं नाही. एका शुक्रवारी मी त्याचा हात धरून म्हणू शकले असते, आज बस, ते येईपर्यंत बस. त्यानंतर मिस्त्री होते त्या चौदा वर्षांत शुक्रवार काही थोडे नव्हते. मला वाटायचं, पुरुषांचं पुरुष बघतील. ही माझी चूक, आणि ती लहान नाही.

चार वर्षांपूर्वी मिस्त्री गेले. विनायक कबरस्तानात सगळ्यांच्या मागे उभा होता, असं लोकांनी सांगितलं. पुढच्या शुक्रवारी आला. पहिल्यांदाच त्याला लवकर उठायची गरज नव्हती. चहा निवून गेला तरी बसून होता. मग म्हणाला, "एक बरं झालं चाची. उस्तादाले अखेरपर्यंत कळलं नाही."

त्याला सांगायचं म्हणजे हेही सांगायचं, की उस्ताद सगळं जाणून होते आणि तरीही चौदा वर्षं त्यांनी तुला हाक मारली नाही. मी म्हटलं, "नाही कळलं."

त्याने मान हलवली. चेहरा बराच सैल झाला. त्यानंतर तो फारसा आला नाही. कुणाला चुकवून यायचं उरलं नव्हतं म्हणून असेल... मी एक-दोनदा फोन केला. येतो म्हणायचा.

आम्ही तिघं होतो. तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघंही गप्प राहिलो. त्यातले दोघे गेले. मी आहे.