हरलेल्याचा हक्क

बायको मेल्यापासून दुपारी घरी मी अन् भिंतीवरची पाल, दोघंच. पाल चुकचुकते, मी खोकलतो. म्हणून पुलगावच्या पूल पार्लरात जाऊन बसतो.

तिथं चाळिशीचा एक गडी रोज येते. नाव विचारलं नाई. शर्टाच्या गुंड्या खालीवर, तोंडात तंबाखूचा खर्रा, पण काठी हाती आली का टेबलावरच्या गोट्या त्याचं मुकाट ऐकतात.

काल वर्ध्याच्या खेळाडूशी त्याचा सामना होता. पुलगावची इज्जत पणाले लागलेली. यानं आपल्या सगळ्या गोट्या पाडल्या, वर्ध्यावाल्यानं त्याच्या; आता काळी जो पाडल तो जिंकल. शेवटची काळी भोकाच्या तोंडाशीच होती, फुंकरीनं पडली असती. यानं काठी पाठीमागं धरून, डोळे मिटून मारली. हुकली! वर्ध्यावाल्यानं काळी पाडली अन् कप घेऊन गेला.

"अबे भैताड, काऊन असं केलं?" मी ओरडलो.

"बाबाजी, जिंकला तो घरी जाते. हरलेल्याले अजून एक डाव मागता येते. इथली रीतच हाये."

"घरी कोन हाये तुह्या?"

"कोनीच नाई."

जन्मात पहिल्यांदा मी काठी उचलली.

"मांड लेका," म्हटलं. "मी तं हरतच राहीन."